बाण बरा की बंदूक?



दत्तजयंतीच्या संध्याकाळी पाळणा होतो, सुंठवडा वाटून होतो आणि मंडळी प्रसादाच्या पंगतीकडे वळतात. त्या गडबडीत आकाशाकडे कोण बघतो? पण रात्री दहाच्या सुमारास देवळाच्या आवारातून वर नजर टाकली, तर पौर्णिमेचा चंद्र मृग नक्षत्राच्या आसपास दिसतो. मृगशीर्षाजवळ पौर्णिमा, म्हणून महिना मार्गशीर्ष. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे पाय. मधले ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण. आणि त्या बाणाची रेघ खाली लांबवत नेली की भेटतो तो लखलखीत व्याध. आपल्या जुन्या लोकांनी आकाशात शिकारच मांडून ठेवली आहे, आणि दत्तप्रभूंचा जन्मकाळ नेमका त्या चित्राखाली येतो. यातून काही गूढ अर्थ काढायचा माझा इरादा नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, छत्तीस वर्षं बँकेत लेजर लिहिलेला माणूस. पण हरीण, बाण आणि शिकारी हा विषय दत्तसंप्रदायाला परका नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

अवधूताने यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपल्या वाचकांना तोंडपाठ असतील. भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात ते येतात. त्यांत हरीण आहे. शिकाऱ्याच्या गाण्याला भुलून ते फसतं. त्यांत शरकारही आहे. बाण घडवताना तो इतका गुंगून गेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. म्हणजे ज्याच्या अंगात बाण शिरतो तोही गुरू, आणि जो बाण घडवतो तोही गुरूच. या दोघांना एकमेकांसमोर उभं करून विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती परदेशात, लेकीच्या घरी.

लेक आणि जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात असतात. मागच्या वर्षी आम्ही उभयता श्रावणात गेलो ते कार्तिकापर्यंत तिथेच होतो. घराच्या मागे झाडी आहे, आणि संध्याकाळी अंगणात हरणं येतात. आपल्याकडे गाई याव्यात तशी येतात, फुलझाडं खातात आणि निवांत निघून जातात. शेपटी खालून पांढरीशुभ्र. बिचकली की ती निशाणासारखी वर करून पळतात. सौभाग्यवतीला पहिले आठ दिवस मोठं अप्रूप. नंतर तीच लेकीला म्हणू लागली, "अगं, तुझी तुळस खाल्ली बघ मेल्यांनी."

शेजारी एक गृहस्थ राहतात. साधारण माझ्याच वयाचे, आयुष्यभर सुतारकाम केलेले, स्वभावाने अबोल. त्यांच्या मागच्या अंगणात फोमचं एक हरीण उभं केलेलं आहे आणि रोज संध्याकाळी ते त्याच्यावर बाण मारतात. आमचा नातू तेरा वर्षांचा. तो आधी बाण वेचून द्यायला जायचा, मग स्वतः मारायला शिकला, आणि बघता बघता हात चांगला बसला. त्या राज्यात बाराव्या वर्षापासून शिकारीचा परवाना काढता येतो. आधी सुरक्षिततेचा एक वर्ग करून परीक्षा द्यावी लागते. नातवाने घरात विषय काढला की मलाही परीक्षा द्यायची आहे, आणि ऑक्टोबरात आजोबांबरोबर (तो त्यांनाही आजोबाच म्हणतो) रानात जायचं आहे.

लेकीने ठाम नकार दिला. आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, म्हणाली. जावई जरा मवाळ. ते मला म्हणाले, "बाबा, बंदूक असती तर मीही नाहीच म्हटलं असतं. बंदूक आपल्या संस्कृतीत बसत नाही. पण हे धनुष्यबाण आहे. रामाच्या हातात काय होतं? अर्जुनाच्या हातात काय होतं? त्यात तप आहे, कष्ट आहेत. जनावरालाही निसटायची संधी मिळते." आणि दोघांनी मिळून निवाडा माझ्यावर टाकला. निवृत्त माणसाला वेळ असतो, त्यामुळे असे निवाडे त्याच्याच वाट्याला येतात.

वाचकांपैकी काही जण म्हणतील, यात निवाडा तो कसला? जीवहिंसा म्हणजे पाप. विषय संपला. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. पण परमुलखात जाऊन तिथली परिस्थिती न बघता मत द्यायचं म्हणजे कर्जदाराचं शेत न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखं आहे. म्हणून आधी परिस्थिती सांगतो.

१९०० सालाच्या सुमाराला त्या देशात हे हरीण जवळपास संपत आलं होतं. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी बेसुमार हत्या झाली होती, आणि कोट्यवधींच्या संख्येने असलेला प्राणी काही लाखांवर आला होता. मग कायदे झाले, बाजारासाठी शिकार बंद झाली, मोसम ठरले, परवाने आले. १९३७ साली तिथे एक कायदा झाला. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या रक्षणासाठीच वापरायचा, असं त्यात ठरलं. हा कर ११ टक्के. पुढे धनुष्यबाणांवरही कर आला. शिकाऱ्याच्या खिशातून हरणाची सोय! बँकेतल्या माणसाला ही योजना आवडल्यावाचून राहत नाही. आज तिथे ही हरणं सुमारे तीन कोटी आहेत. त्यांना खाणारे लांडगे आणि प्यूमा पेनसिल्व्हेनियातून माणसाने कधीच संपवले. परिणाम असा की रानात नवी रोपं वर येऊ शकत नाहीत, कोवळं तेवढं हरणं खाऊन टाकतात. रस्त्यावर दरवर्षी दहा लाखांहून जास्त वेळा गाडी आणि हरीण यांची टक्कर होते. त्यात हरणं मरतात आणि माणसंही मरतात. थंडीत चारा कमी पडला की उपासमार होते ती निराळीच. म्हणजे हरीण मारायचं की नाही हा प्रश्न तिथे मागे पडला आहे. काही हरणं मरणारच आहेत. कशाने मरणार, एवढंच माणसाच्या हातात आहे.

या साधनांवरूनच तिथे शिकाऱ्यांचे दोन तट आहेत. पेनसिल्व्हेनियात तिरंदाजांसाठी १९५१ पासून वेगळा मोसम आहे. तो शरदात सुरू होतो. बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास, म्हणजे आपल्या कार्तिक-मार्गशीर्षात. बंदुकीचा मोसम सुरू झाला की कितीतरी गावांत सोमवारी शाळांना सुट्टी असते, इतका तो अंगवळणी पडलेला आहे.

धनुष्याची ही आवड तिथे आधुनिक काळात कशी पसरली, तीही एक चटका लावणारी हकिकत आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक आदिवासी माणूस एकटाच, उपाशी अवस्थेत सापडला. त्याच्या याही जमातीची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवली होती, हा एकटा उरला होता. त्याला इशी म्हणू लागले; त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याची राहायची सोय झाली. तिथल्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य करायला आणि हरणाजवळ दबकत जायला शिकून घेतलं. १९१६ साली इशी क्षयाने गेला. १९२३ साली पोप यांचं धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक आलं आणि हौशी तिरंदाजांची एक पिढीच तयार झाली. त्यांच्या आणि त्यांचे साथीदार यंग यांच्या नावाने १९६१ साली निघालेला क्लब आजही आहे. कोणी किती मोठ्या शिंगांचं जनावर बाणाने मारलं, याची मापं घेऊन तो नोंदवही ठेवतो. इशीला बाण लागत होता पोटासाठी. नोंदवही नंतरच्यांनी सुरू केली.

शेजारच्या गृहस्थांना मी एका संध्याकाळी विचारलंच. माझं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहारातलं, त्यांचं बोलणं तुटक, पण दोन म्हाताऱ्यांचं जमतं. त्यांनी बाणाची बाजू अशी मांडली. बंदूकवाला दोनशे-तीनशे यार्डांवरून दुर्बिणीतून मारतो. हरणाला वासही येत नाही, चाहूलही लागत नाही. "मला वीस यार्डांपर्यंत जावं लागतं," ते म्हणाले, "तिच्या पापण्या दिसतात." वारा उलटा फिरला की दिवस फुकट. पान वाजलं की दिवस फुकट. वर्षभर रोज सराव करावा लागतो आणि दहा वेळा रानात गेलं तर नऊ वेळा रिकाम्या हाताने परत यायचं. ज्याला एवढं सोसायचं नसेल त्याने जीव घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. ऐकून मला आदर वाटला. आपले जावई जे बोलत होते त्याचीच ही अनुभवाने पिकलेली आवृत्ती होती.

तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर एक शंका मनातून जाईना. हे सगळे कष्ट, हा संयम, ही रिकाम्या हातांनी परत यायची तयारी जमा होते कोणाच्या खात्यावर? शिकाऱ्याच्या. त्याचं मन घडतं, त्याचा गर्व उतरतो, त्याला रान कळतं. हरणाच्या खात्यावर काय पडतं ते बघायचं तर बाण काम कसं करतो ते समजून घ्यायला हवं.

गोळी हाडं मोडते, मोठा धक्का देते, आणि वर्मी बसली तर जनावर बहुधा जागेवर किंवा चार पावलांत कोसळतं. बाणात तसा धक्का नसतो. त्याच्या टोकाला वस्तऱ्यासारखी पाती असतात, ती आतलं मांस आणि शिरा कापत जातात, आणि जनावर मरतं ते रक्त वाहून गेल्याने. बाण दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. थोडा मागे, पोटात बसला तर तासन्‌तास लागतात. म्हणून बाण मारल्यावर शिकारी लगेच मागे धावत नाही. झाडावरच अर्धा तास, कधी त्याहून जास्त, थांबून राहतो. पाठलाग केला तर जखमी हरीण लांब पळतं. थांबलं तर ते जवळच कुठेतरी बसतं. मग खाली उतरून पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत जायचं. हे सगळं त्या गृहस्थांनीच मला न लपवता सांगितलं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि चोवीस गुरू ज्याने वाचले आहेत त्याला ती टोचल्याशिवाय राहत नाही. बंदुकीची गोळी आवाजाच्या पुढे धावते. हरणाला आवाज पोहोचायच्या आत ती पोहोचलेली असते. बाणाचं उलटं. आजचं चांगलं धनुष्य बाण सोडतं तो सेकंदाला ८०-९० मीटर वेगाने, आणि आवाज जातो सुमारे ३४० मीटर वेगाने. वीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार आधी ऐकू येतो, बाण मागून येतो. मधे फार तर पाव सेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात ते दचकून उडी घेण्यासाठी अंग खाली दाबतं, आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पाठीत किंवा मणक्याजवळ जाऊन बसतो. अवधूताने पाहिलेलं हरीण कानामुळे फसलं. हेही कानामुळेच फसतं. गाण्याला भुलून नव्हे, जीव वाचवायला म्हणून ऐकतं आणि त्या ऐकण्यानेच त्याचं मरण लांबतं.

मेरीलंड राज्यात नौदलाच्या एका तळावर, नेमबाजीची चाचणी घेऊन निवडलेल्या तिरंदाजांना हरणं मारायला परवानगी होती, आणि १९८९ ते २००६ अशी त्याची नोंद ठेवली गेली. बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती लागली नाहीत. त्यांतली काही जगलीही असतील. पण शंभरांत अठरा! शंभर व्हाउचरांत अठरा जुळली नाहीत तर त्या रात्री बँकेतून कोणी घरी गेलं नसतं. ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने हरीण मारायला कायद्याने बंदी आहे, जर्मनीतही आहे. तिथे हरणं मारतात, पण रायफलीनेच, आणि ती किमान अमुक ताकदीची असलीच पाहिजे असा नियम. कायदा करणाऱ्यांनी शिकाऱ्याचं तप मोजलं नाही, जनावराला किती वेळ लागतो ते मोजलं.

बंदुकीची बाजू घेऊन मी निकाल देतो आहे असं कोणी समजू नये. बंदूकवाल्याचाही नेम चुकतो. ती सोपी आहे म्हणून ज्याने वर्षभर हात लावला नाही तो मोसमाच्या पहिल्या दिवशी ती खांद्याला लावतो, चारशे यार्डांवर अंदाजाने बार टाकतो आणि जनावराचा जबडा किंवा पाय उडवतो. शिशाचे बारीक कण मांसात राहतात आणि टाकलेलं आतडं-कोथळं खाणाऱ्या गरुडांना त्याची बाधा होते. थोडक्यात, वाईट हातात दोन्ही वाईट. पण दोघांचेही हात सारखेच चांगले धरले तर हरणाला लवकर सोडवते ती रायफल, हे मान्य करायला हवं. आणि ज्याचा जीव जातो आहे त्याच्याकडून पाहिलं नाही, तर या प्रश्नाला नीतीचा प्रश्न म्हणायचं तरी कशाला? मग तो खेळाच्या नियमांचा प्रश्न झाला.

राहता राहिले जावईबापूंचे राम आणि अर्जुन. एक म्हणजे, शेजाऱ्यांच्या हातातलं धनुष्य कोदंड नव्हे आणि गांडीवही नव्हे. मिसूरीच्या एका गृहस्थाने शोधलेलं, १९६९ साली पेटंट मिळालेलं कप्प्यांचं धनुष्य आहे ते. दोरी पूर्ण ओढली की कप्प्यांमुळे भार एकदम हलका होतो, वर नेम धरायला पिना, अंतर मोजायला लेझर, बाण कार्बनचे. म्हणजे तपातलंही बरंच तप यंत्राने उचललं आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आपल्या पोथ्यांतून धनुष्याने केलेली शिकार किती वेळा चांगली म्हणून आली आहे, ते आठवून पाहावं. दशरथाने आवाजावर बाण सोडला, तो पाणी भरणाऱ्या श्रावणाला लागला. पांडूने हरणाची जोडी ऐन मीलनात असताना बाण मारले. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी. मरता मरता किंदम काय म्हणतात ते महाभारतात मुळातून वाचण्यासारखं आहे. हरीण मारलंस याचा मी दोष देत नाही, पण थोडं थांबायला हवं होतंस, असा त्यांचा रोख आहे. म्हणजे शिकारीची परवानगी आणि शिकारीची रीत हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे तिथे स्पष्ट आहे. आणि पांडूचं उत्तर काय, तर राजे शत्रूला मारतात तसेच हरणांना मारतात, उघडपणे नाहीतर छपून. त्याला बंदी नाही. नियमावर बोट ठेवणारं उत्तर. शाप टळला नाही.

सहस्रार्जुन तर आपल्या दत्तप्रभूंचाच कृपापात्र. हजार हात त्याला त्यांच्याच वरदानाने मिळाले. तोही शिकारीला म्हणून रानात गेला आणि वाट वाकडी होऊन जमदग्नींच्या आश्रमात पोहोचला. पुढे धेनूचा लोभ, आणि मग परशुराम. साधन गुरूने दिलं होतं, तरी त्याचा उपयोग कसा करायचा हे त्याचं त्यालाच बघायचं होतं.

आणि चोवीस गुरू ज्या एकादश स्कंधात आहेत, त्याच स्कंधाच्या तिसाव्या अध्यायात जरा नावाचा व्याध येतो. यादवांचा नाश करणाऱ्या मुसळाचा उरलेला लोखंडी तुकडा त्याने बाणाला लावला होता. झाडाखाली बसलेल्या भगवंताचं पाऊल त्याला हरणाच्या तोंडासारखं वाटलं आणि त्याने बाण सोडला. भगवंताने त्याला क्षमा केली हे खरं. पण आज पेनसिल्व्हेनियात बारा वर्षांच्या पोराला त्या वर्गात पहिल्यांदा जे शिकवतात ते हेच, की समोर काय आहे याची खात्री झाल्याशिवाय सोडायचं नाही. धनुष्य हातात असलं की माणूस जवळ जातो, नीट पाहतो, हा शेजाऱ्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा. दशरथाने पाहिलं नव्हतं. जराही जवळ गेला तो बाण लागल्यानंतर.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या आक्षेपाकडे येतो. आपण शाकाहारी, आपल्याला या भानगडीत पडायचं कारण काय? वनपर्वातला धर्मव्याध आठवा. मिथिलेत मांस विकणारा. स्वतः मारत नाही, खात नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. तो त्या ब्राह्मणाला सांगतो की शेती लोक चांगली समजतात, पण नांगराखाली किती जीव मरतात ते बघ. नोकरीत मी सहा वर्षं कर्जत तालुक्यात होतो, आपल्या नगर जिल्ह्यातल्या. तिथे रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, १९८० पासूनचं. अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचं आणि काळविटाला कुंपण माहीत नसतं. ज्वारीचे कोंब आले की कळप शेतात. शाखेत पीककर्जाचा हप्ता मागायला बसलं की शेतकरी सांगायचे, "साहेब, पेरलं आम्ही, खाल्लं त्यांनी." १९७२ च्या कायद्याने काळविटाला पूर्ण संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण रात्र रात्र शेतात डबा बडवत जागणारा माणूसही मी पाहिला आहे. राज्यात कितीतरी ठिकाणी रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी शेताच्या कडेने विजेची उघडी तार सोडतात. त्या तारेला चिकटून मरणाऱ्या जनावराकडे बघणारा कोणीच नसतो. तिथे वीस यार्ड नाहीत, पापण्या नाहीत, नेमही नाही. कधी शेजारचा शेतकरीच त्यात जातो. ती ज्वारी आपल्या भाकरीत येते. तेव्हा बाण आणि बंदूक यांत निवड करायची पाळी आपल्यावर येत नाही एवढंच. सुटका झालेली नाही.

मग शरकाराचं काय? तो तर गुरू आहे. माझी समजूत अशी, जाणकारांनी हवं तर दुरुस्त करावी: अवधूताने प्रत्येकाकडून एकेक गुण घेतला, आख्खा माणूस घेतला नाही. शरकाराकडून एकाग्रता घेतली, बाण त्याच्याकडेच ठेवला. आणि एक बारकावा बघा. मधमाश्यांनी साठवलेला मध लुटणारा मधुहा चोवीसांत आहे. हरणाला गाण्याने फसवणारा व्याध नाही. त्या प्रसंगातून शिकायचं ते हरणाकडून, असं अवधूताने ठरवलं. शिकाऱ्याकडे कौशल्य काही कमी नसणार. तरी अवधूत पडलेल्या हरणाच्या बाजूने उभा राहिला. ही गोष्ट मला निवाड्याच्या वेळी फार उपयोगी पडली.

निवाडा मी असा दिला. जेवणाच्या टेबलावर तिघं बसले होते, नातू चौथा. मी म्हटलं, "मारायचंच नाही, असं तुमच्या घराने ठरवलं तर तो निर्णय मोठा आहे, मला आनंद आहे, पण मग बाण आणि बंदूक दोन्ही नकोत. मारणं पत्करायचं असेल तर ज्याने हरणाचे हाल कमीत कमी होतील ते साधन घ्यायचं, मग ते आपल्या संस्कृतीत बसो न बसो. पण 'बंदूक नको, बाण असला तर चालेल, कारण तो रामाच्या हातात होता' हे जे तिसरं उत्तर आहे, ते मला मंजूर नाही. त्यात आपल्या मनाचं समाधान आहे, हरणाचा विचार नाही."

जावई थोडे नाराज झाले. लेक खूश झाली, पण तिचीही खुशी फार टिकली नाही, कारण दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना हे सांगितलं आणि त्यांनी एक अडचण पुढे केली. त्या राज्यात राहत्या घरापासून बंदुकीला १५० यार्ड अंतर सोडावं लागतं, धनुष्याला ५० यार्ड. आमच्या मागच्या झाडीत १५० यार्डांचा हिशेब बसतच नाही. दोन्ही बाजूंना घरं. गोळी चुकली तर मैलभर जाते, बाण झाडावरून मारला की चुकला तरी जमिनीत रुततो. म्हणजे तिथे रायफल मिळणारच नाही. उरतो एक तर बाण, नाहीतर रस्त्यावरची मोटार. "तुमचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले, "म्हणून मी वीस यार्डांच्या पुढे मारत नाही. आणि हरीण सावध असलं तर वीसच्या आतही मारत नाही." गेल्या वर्षी किती बाण सोडले, असं मी विचारलं. त्यांनी एक बोट वर केलं. मिळालेल्या हरणाचं अर्धं मांस, ते म्हणाले, गरजूंना जेवण देणाऱ्या संस्थेकडे जातं.

माझ्या निवाड्यात ही कलमं नव्हती. घरी येऊन मी ती लेकीला सांगितली आणि म्हटलं, एवढ्या अटी कोणी पाळत असेल तर तिथल्या परिस्थितीत मला त्याला दोष देता येणार नाही. पण तेरा वर्षांच्या मुलाला त्या अटी रानात ऐन वेळी पाळता येतील का, हे मी सांगू शकत नाही. छातीत धडधडत असताना हात मागे घेणं फार अवघड असतं. पन्नाशीतल्या माणसांनाही ते जमत नाही, तेही खुर्चीत बसून.

शेवटी असं ठरलं की नातवाने फोमच्या हरणावर हवा तेवढा सराव करावा, आणि एकदा शेजाऱ्यांबरोबर नुसतं बघायला जावं. ऑक्टोबरातल्या एका पहाटे दोघं गेले. धनुष्य एकच, ते त्यांच्याकडे. साडेनऊला परत आले तेव्हा पोराचं नाक थंडीने लाल झालं होतं. एक मादी पंचवीस पावलांवर येऊन बराच वेळ उभी होती म्हणे, पण आडवी उभी राहिली नाही, म्हणून त्यांनी दोरी ओढलीच नाही. मी विचारलं, "तू काय पाहिलंस?" तर म्हणाला, "आजोबा, तिचे कान सारखे फिरत होते. एक पुढे, एक मागे. एकदासुद्धा थांबले नाहीत."

परीक्षेचा अर्ज यंदाच्या उन्हाळ्यात भरायचा होता. तो भरला की नाही ते मी फोनवर विचारलेलं नाही, आणि लेकीनेही आपणहून काही सांगितलेलं नाही.